झोप येत नव्हती, की मिळत नव्हती?

कोविडकाळातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर काहीही लिहायला घेतलंत तर एक वाक्य तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हमखास येणार. ‘महासाथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये चिंतेचं प्रमाण ४४.६ टक्के आणि निद्रानाशाचं प्रमाण ३४ टक्के आढळून आलं.’ पुढे संदर्भ म्हणून लाई व इतर, २०२०. हे वाक्य मी प्रबंधांत वाचलंय, परिषदांच्या पोस्टरवर वाचलंय, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या स्वतःच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावरही ते होतं. तेव्हा मूळ पेपर मी ॲबस्ट्रॅक्टच्या पुढे वाचलेला नव्हता. गाइडनी ‘यातलं ३४ टक्के म्हणजे नेमकं कोण?’ असं विचारलं आणि मी गप्प बसले.

आज तो पेपर तुमच्यासोबत नीट वाचायचाय. वाईट पेपर फाडून काढणं सोपं असतं, त्यातून शिकायला फारसं मिळत नाही. हा पेपर चांगला आहे, म्हणून निवडला.

आधी त्याची बाजू. जिआनबो लाई आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास ‘जामा नेटवर्क ओपन’ मध्ये मार्च २०२० मध्ये छापून आला. माहिती गोळा केली ती २९ जानेवारी ते ३ फेब्रुवारी २०२० या सहा दिवसांत. वुहान बंद झालं २३ जानेवारीला. म्हणजे शहराला कुलूप लागून आठवडाही झाला नव्हता आणि ही मंडळी ३४ रुग्णालयांत प्रश्नावली घेऊन पोचली. त्यांतली २० रुग्णालयं वुहानमधलीच. आपल्याकडे तेव्हा लोक ‘चीनमध्ये काहीतरी चाललंय’ एवढंच म्हणत होते. जागतिक आरोग्य संघटनेने ‘महासाथ’ हा शब्द वापरला ११ मार्चला.

नमुना निवडीतही आळस नाही. विभागवार रुग्णालयं घेतली, प्रत्येक रुग्णालयातून एक विभाग चिठ्ठी टाकून काढावा तसा काढला आणि त्या विभागातल्या सगळ्यांना विचारलं. १८३० जणांना बोलावलं, १२५७ जणांनी उत्तरं दिली. रिस्पॉन्स रेट ६८.७ टक्के. त्यानंतरच्या वर्षभरात गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून जे शेकडो पेपर निघाले, त्यांना रिस्पॉन्स रेट सांगताच येत नाही, कारण लिंक किती जणांनी बघितली हेच कुणाला माहीत नसतं. जे ५७३ जण बोलले नाहीत ते कदाचित फार ताणाखाली असतील, किंवा अजिबात ताणाखाली नसतील म्हणून त्यांना रस नसेल, हेसुद्धा लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तेव्हा आपण काही फार मोठी चोरी पकडतोय अशा थाटात वाचू नका.

आता आकड्याकडे.

चिंता मोजली जीएडी-७ ने. सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. या पेपरात ५ ते ९ गुण म्हणजे सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ च्या पुढे तीव्र. ४४.६ टक्के म्हणजे ५६० माणसं. त्यांतली ४०६ सौम्य, ८८ मध्यम, ६६ तीव्र. म्हणजे मथळ्यातला आकडा बनलाय तो मुख्यतः सौम्य गटावर. १० गुणांची रेघ धरली, जी सर्वसाधारणपणे धरतात, तर उरतात १२.३ टक्के.

निद्रानाशाचं याहून गमतीशीर आहे. तो मोजला इन्सोम्निया सिव्हिरिटी इंडेक्सने, म्हणजे आयएसआयने. सात प्रश्न, २८ गुण. ८ ते १४ गुणांच्या गटाचं नाव आहे ‘सबथ्रेशोल्ड’, म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडचे. नावातच सांगितलंय की या माणसांनी उंबरठा ओलांडलेला नाही. आणि ३४ टक्के म्हणजे जे ४२७ जण, त्यांतले ३३० या गटातले आहेत. उंबरठ्याच्या आत आलेले ८५ अधिक १२, मिळून ९७. म्हणजे ७.७ टक्के.

हे लपवलेलं नाही बरं का. तक्ता पेपरातच आहे, कुणीही उघडून बघावा. पण ॲबस्ट्रॅक्टमध्ये ३४ आलं आणि तिथून ते जगभर गेलं. तुम्ही जेव्हा ‘निद्रानाश ३४ टक्के’ लिहिता, तेव्हा तुमच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर रात्रभर छताकडे बघत पडलेली नर्स येते. त्या ३४ मधले सव्वीस जण ‘झोप जरा बिघडलीय’ एवढंच म्हणत असतात. कोणत्याही रुग्णालयात, कोणत्याही साध्या वर्षी, नाइट ड्युटी संपवून आलेल्या दहा जणींना हे सात प्रश्न विचारून बघा. ८ गुण व्हायला फार काही लागत नाही.

इथे तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, मग १० ची रेघ धरून १२.३ टक्के लिहू या, प्रश्न मिटला. मिटत नाही. स्क्रीनिंगची प्रश्नावली आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक थोडासा नसतो. कागद-पेन घ्या.

जीएडी-७ स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या दवाखान्यांत आलेल्या पेशंटांवर तपासली. १० च्या रेघेवर सेन्सिटिव्हिटी ८९ टक्के, स्पेसिफिसिटी ८२ टक्के. समजा हजार माणसांत खरोखर चिंताविकार असलेले १०० आहेत. प्रश्नावली त्यांतले ८९ पकडेल. उरलेल्या ९०० निरोग्यांपैकी १८ टक्के, म्हणजे १६२ जणांनाही ती चुकून पकडेल. एकूण पकडले २५१. तुम्ही लिहिणार ‘चिंतेचं प्रमाण २५ टक्के’, आणि खरं प्रमाण आहे १०. पकडलेल्या तिघांतले जवळजवळ दोघे विकार नसलेले.

आता अजून एक पायरी. या हिशोबात खरे रुग्ण शून्य धरा. तरी १८ टक्के लोक १० च्या वर यायला हवेत. लाई यांच्या पेपरात आले किती? १२.३. म्हणजे अमेरिकेतल्या दवाखान्यात काढलेली स्पेसिफिसिटी वुहानच्या डॉक्टर-नर्सेसना जशीच्या तशी लागूच पडत नाही. कदाचित त्यांनी हातचं राखून उत्तरं दिली असतील. कदाचित दवाखान्यात आपण होऊन आलेला पेशंट आणि कामावर हजर असलेला माणूस यांचा बेसच वेगळा असेल. कारण काहीही असो, ‘ही व्हॅलिडेटेड स्केल आहे’ एवढं वाक्य लिहून मेथडॉलॉजीचं प्रकरण पार पडत नाही. कुणावर व्हॅलिडेटेड, कधी, कुठे, हे तीन प्रश्न व्हायव्हात येतात. मला आले होते.

मुलाखत घेऊन निदान केलं तर आकडा कुठे जातो, याचं उत्तरही आता आहे. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांचा एक मोठा अभ्यास ‘लॅन्सेट सायकायट्री’ मध्ये २०२३ मध्ये आला. त्यांनी दोन टप्पे केले. आधी हजारो लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली, मग त्यांतल्या काहींच्या रीतसर निदानाच्या मुलाखती घेतल्या. प्रश्नावलीप्रमाणे सर्वसाधारण मानसिक विकार ५२.८ टक्के. मुलाखतीप्रमाणे २१.५. आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, प्रश्नावलीप्रमाणे २५.४ आणि मुलाखतीप्रमाणे ७.९. अर्ध्याहून कमी, तिसऱ्या हिश्शाहून कमी.

यावरून ‘म्हणजे उगाच बाऊ केला’ असं म्हणू नका. मुलाखतीतला आकडासुद्धा पाचात एक आहे. ज्या कामाच्या जागी पाचातला एक माणूस निदान होण्याइतका आजारी आहे, तिथे काय बाऊ आणि काय नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. मोठा आकडा मिरवण्याच्या नादात आपण नेमकं काय मोजलं हे विसरतो, आणि मग उपाय भलत्याच ठिकाणी लावतो.

जीएडी-७ चा शेवटचा प्रश्न बघा. काहीतरी भयंकर घडणार आहे अशी भीती गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा वाटली? हा प्रश्न वुहानमधल्या नर्सला जानेवारीअखेर विचारला जातोय. २० जानेवारीला डॉ. झोंग नानशान यांनी टीव्हीवर सांगितलं की हा आजार माणसाकडून माणसाला होतो आणि १४ आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झालीय. ७ फेब्रुवारीला, म्हणजे सर्व्हे संपून चारच दिवसांनी, नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग गेले, ज्यांनी डिसेंबरमध्येच सहकाऱ्यांना सावध केलं होतं. त्या आठवड्यात वुहानच्या एखाद्या वॉर्डात ज्याला ‘काहीतरी भयंकर घडेल’ असं वाटलं नाही, खरं तर त्याचीच काळजी करायला हवी. शांत काळात तोच प्रश्न विकाराचं लक्षण पकडतो. त्या आठवड्यात तो परिस्थितीचा अंदाज बरोबर असल्याची खूण होता. गुण मात्र दोन्हीकडे सारखेच पडतात.

आणि ‘गेले दोन आठवडे’ ही खिडकी. २९ जानेवारीपासून मागे मोजा, १५ जानेवारी येते. तेव्हा माणसाकडून माणसाला लागण होते हे जाहीरसुद्धा झालेलं नव्हतं. म्हणजे एकाच खिडकीत दोन वेगळी जगं बसवलीत आणि उत्तर मागितलंय सरासरीचं. ‘गेल्या महिन्याभरात’ विचारणाऱ्या स्केल वापरल्या असत्या तर आणखीच घोळ.

जाता जाता. हे प्रश्न मराठीत आणताना ‘काळजी’ या शब्दापाशी थांबा. आपल्याकडे काळजी करतात आणि काळजी घेतातही. नर्सला ‘तुम्ही किती वेळा काळजी करता?’ विचारलंत तर ती ‘रोजच की’ म्हणते, कारण तिच्या डोक्यात पेशंट असतो. भाषांतर, मग उलट भाषांतर, मग मंजुरी, हे सगळं केल्यावरही ही अडचण कागदावर दिसत नाही. चार जणींना समोर बसवून ‘या प्रश्नाचा अर्थ तुम्ही काय लावला?’ असं विचारलं तरच दिसते. त्याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. दोन दुपारी लागतात.

आता झोप. माझ्या मते या सगळ्या साहित्यातली सर्वांत मोठी फट इथे आहे.

निद्रानाशाच्या निदानात एक अट असते, जी आपण वाचतो आणि सोडून देतो. झोपायला पुरेशी संधी असूनही झोप येत नसेल, किंवा टिकत नसेल, तर तो निद्रानाश. आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने. वुहानच्या सर्व्हेच्या वेळी साथ उघड होऊन तीन महिने झालेच नव्हते, ते एक सोडा. ‘संधी असूनही’ हे शब्द बघा. बारा तासांची ड्युटी, मग पीपीई उतरवण्याचा सोपस्कार, अंघोळ, घरच्यांपासून वेगळं राहायला दिलेली खोली, फोन, आणि सहा तासांनी पुन्हा हजर. या बाईला झोप येत नाहीये का? तिला झोप मिळत नाहीये. मराठीत हा फरक एका क्रियापदाचा आहे. आयएसआयच्या सात प्रश्नांत तो पकडणारा एकही प्रश्न नाही. झोप लागायला त्रास होतो का, मध्ये जाग येते का, लवकर जाग येते का, झोपेबद्दल समाधानी आहात का, दिवसाच्या कामावर परिणाम होतो का, इतरांना ते जाणवतं का, तुम्हाला त्याचा घोर लागलाय का. अंथरुणावर पाठ टेकायला किती तास मिळाले, हे ती विचारतच नाही. विचारायची गरजही नव्हती, कारण ती ज्यांच्यासाठी बनली ते रात्री आपल्या घरी आपल्या पलंगावर असतात असं गृहीत आहे.

दुसरी लोकप्रिय स्केल म्हणजे पिट्सबर्गची पीएसक्यूआय, १९८९ ची. ती तास विचारते, पण ‘गेल्या महिन्यात तुम्ही नेहमी किती वाजता झोपत होता?’ अशा पद्धतीने. माझ्या पायलटमध्ये ती होती. फिरत्या पाळीवरच्या एका सिस्टरने फॉर्म हातात घेतला, पेन उघडलं, आणि विचारलं, “मॅडम, नेहमी म्हणजे कुठल्या ड्युटीतलं लिहू? मॉर्निंगचं, ईव्हिनिंगचं, का नाइटचं?” मी म्हटलं, अंदाजे सरासरी लिहा. ती हसली. सकाळी दहा आणि रात्री अकराची सरासरी काढा बरं. दुपारी साडेचारच्या सुमारास येते, आणि त्या वेळी ती कधीच झोपलेली नसते. तिने शेवटी ‘११’ लिहिलं. माझ्या एक्सेल शीटमध्ये ती रोज अकराला झोपणारी बाई म्हणून नोंदली गेली. त्या दिवशी मी पायलट थांबवला.

आता याच नजरेने पुन्हा लाईंच्या पेपराकडे या, तिथे एक फार बोलका आकडा पडून आहे. कोविड रुग्णांची थेट शुश्रूषा करणारे आणि न करणारे, या दोन गटांची तुलना त्यांनी केली. ऑड्स रेशो नैराश्यासाठी १.५२, चिंतेसाठी १.५७, आणि निद्रानाशासाठी २.९७. (ऑड्स रेशो २.९७ म्हणजे ‘तिप्पट लोकांना’ नव्हे, हे आधीच्या एका लेखात झालंय, पुन्हा नको.) मनाच्या दोन मोजमापांत फरक दीडपट आणि झोपेत एकदम दुपटीच्या पार. असं का व्हावं? एक शक्यता अशी, की आघाडीवर असण्यातला मोठा भाग पाळ्यांचा, तासांचा, खाडे न मिळण्याचा होता, आणि तो झोपेवर थेट पडत होता, मनावरून वळसा घालून नव्हे. पण हे तपासता येत नाही. वय, लिंग, शिक्षण, हुद्दा, वैवाहिक स्थिती, रुग्णालयाचा प्रकार, शहर, हे सगळे कॉलम त्या पेपरात आहेत. आठवड्याचे कामाचे तास आणि रात्रपाळ्यांची संख्या नाही. वैवाहिक स्थिती विचारली आणि ड्युटी विचारली नाही. आणि हे त्यांच्यापुरतं नाही, त्यांचा साचा घेऊन पुढे आलेल्या अनेक पेपरांत हे दोन कॉलम तसेच गायब आहेत.

एवढ्याशा कॉलमने काय बिघडतं, असं वाटेल. झोप ‘येत नाही’ असं मांडलं की उपाय ठरतो माणसावर. समुपदेशनाचा हेल्पलाइन नंबर, ध्यानाचं वेबिनार, झोपेच्या चांगल्या सवयींचं पत्रक, ज्यात पहिलं कलम असतं, ‘रोज ठरावीक वेळी झोपा’. फिरत्या पाळीवाल्याला. झोप ‘मिळत नाही’ असं मांडलं की उपाय ठरतो ड्युटीच्या तक्त्यावर. दोन पाळ्यांत किमान अंतर किती, सलग नाइट किती, बदली माणूस आहे का, विश्रांतीची खोली आहे का. पहिला उपाय स्वस्त, दुसऱ्याला भरती करावी लागते. निद्रानाशावरचा सर्वांत सिद्ध झालेला मानसोपचार म्हणजे सीबीटी-आय. त्याचा एक मुख्य भाग म्हणजे अंथरुणात घालवायचा वेळ मुद्दाम कमी करणं. जिला मुळात पाचच तास मिळतात, तिला आपण हे सांगणार? चुकीच्या नावाचा आजार ठरवला की औषधही असं लागतं.

आणखी एक गुंता. नैराश्यासाठी वापरतात त्या पीएचक्यू-९ मध्ये झोपेचा एक प्रश्न आहे आणि थकव्याचा एक. दोन्हींना मिळून ६ गुण. नुसत्या झोप न मिळालेल्या माणसाचे हे ६ गुण झाले की तो ५ ची रेघ ओलांडून ‘सौम्य नैराश्य’ मध्ये आला, मन कितीही टवटवीत असो. मग आपण ‘निद्रानाश आणि नैराश्य यांत लक्षणीय सहसंबंध आढळला’ असं लिहितो. न आढळून जाईल कुठे, एकच गोष्ट दोन्हीकडे मोजलीय.

‘एका पेपरावर कशाला अवलंबून राहा, मेटा-ॲनॅलिसिस घ्या ना’, हा सल्ला तुम्हाला मिळेल. घेऊ. सोफिया पाप्पा आणि सहकाऱ्यांचं मेटा-ॲनॅलिसिस २०२० च्या मे महिन्यातच आलं. १३ अभ्यास, ३३,०६२ माणसं. चिंता २३.२ टक्के, नैराश्य २२.८, निद्रानाश ३८.९. १३ पैकी १२ अभ्यास चीनमधले, एक सिंगापूरचा, त्यामुळे ‘जगभरातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांत’ असं याला उद्धृत करणाऱ्यांनी जरा थांबावं. चिंतेसाठी कुठे जीएडी-७, कुठे झुंगची स्केल, रेघा वेगवेगळ्या. चिंतेच्या आकड्यावर आय-स्क्वेअर्ड ९९ टक्के, म्हणजे अभ्यासाअभ्यासांत जो फरक दिसतो तो जवळजवळ सगळा खरा, योगायोगाचा नाही. मग ते आकडे एकत्र करून आलेली सरासरी ही मघाच्या साडेचार वाजण्यासारखी. गणित बरोबर, पण त्या वेळी कुणी झोपत नाही. एक गोष्ट आवर्जून बघा. लाईंकडे चिंता झोपेपेक्षा वर, इथे झोप चिंतेपेक्षा बरीच वर. क्रमच उलटा. स्केल आणि रेघ बदलली की असं होतं.

मग चांगली तुलना कशी असते? याच रोगाच्या थोरल्या भावंडाकडे बघा. २००३ मध्ये टोरांटोत सार्स आला. रॉबर्ट माँडर आणि सहकाऱ्यांनी घाई केली नाही. साथ संपल्यावर १३ ते २६ महिन्यांनी त्यांनी टोरांटोतली सार्सचे रुग्ण घेतलेली ९ रुग्णालयं निवडली, आणि शेजारच्या हॅमिल्टनमधली ४, जिथे सार्सचा रुग्ण आला नाही. एकूण ७६९ कर्मचारी. तेच काम, तोच प्रांत, तशाच पाळ्या, फक्त सार्स नाही. आता जो फरक दिसेल तो बराचसा सार्सचा म्हणता येतो. टोरांटोत थकवा, मानसिक त्रास, आघाताची लक्षणं जास्त होती. आणि त्यांनी आणखी एक विचारलं: तुम्ही कामाचे तास कमी केलेत का? रुग्णांशी थेट संपर्क कमी केलात का? सार्सवाल्या रुग्णालयांत हेही जास्त होतं. म्हणजे त्रास मोजला तो फक्त गुणांत नाही, माणसं कामापासून मागे सरली का यातही मोजला. पुढे टोरांटोतल्या १३९ जणांच्या निदानाच्या मुलाखती झाल्या. सार्सनंतर नव्याने मानसिक विकार सुरू झालेले निघाले ५ टक्के. त्रास खूप आणि विकार थोडा, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, हे १२ वर्षं आधी छापून आलेलं होतं.

शेवटची तक्रार, ‘आरोग्य कर्मचारी’ या शब्दाबद्दल. लाईंच्या १२५७ मध्ये ७६४ नर्सेस आणि ४९३ डॉक्टर. बेरीज करून बघा, बाकी शून्य. लॅबचे तंत्रज्ञ, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, वॉर्डबॉय, मावशी, जैविक कचऱ्याच्या पिशव्या उचलणारा, मृतदेह गुंडाळणारा, कुणी नाही. पेपराने ‘आरोग्य कर्मचारी’ म्हटलं, आपणही तेच उचललं. आपल्या जिल्ह्यात तुम्ही हा अभ्यास करणार असाल तर आशा स्वयंसेविकांशिवाय तो कसा होईल? घरोघरी ताप बघत, पॉझिटिव्ह निघालेल्यांच्या दारात उभं राहत त्या हिंडल्या. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी मानधनासाठी आणि सुविधांसाठी संप केला. त्या संपाच्या मागण्या वाचल्यात तर तुम्हाला चिंतेची कारणं कोणत्याही स्केलपेक्षा सविस्तर सापडतील. गूगल फॉर्मवर मात्र त्या येत नाहीत. इंग्रजी फॉर्मवर तर नाहीच. आणि ज्यांच्या ड्युटीला ड्युटी म्हणत नाहीत, ‘मोबदल्यावर आधारित काम’ म्हणतात, त्यांच्या झोपेचे तास कोणत्या कॉलममध्ये टाकायचे हाही प्रश्न आहेच.

माझ्या प्रश्नावलीत आता आयएसआय आहे, काढली नाही. तुलनेसाठी ती लागते, आणि समितीलाही ओळखीचं काहीतरी बघायला लागतं. फक्त तिच्या आधी चार प्रश्न घातलेत. गेल्या सात दिवसांत कोणत्या पाळ्या केल्या, एकेक दिवसाचं लिहा. दोन ड्युट्यांमध्ये सर्वांत कमी अंतर किती तासांचं होतं? घरी पोचल्यापासून परत निघेपर्यंत पाठ टेकायला किती वेळ मिळाला? आणि तेवढ्या वेळातला किती वेळ झोप लागली? शेवटच्या दोन उत्तरांत फरक मोठा असेल तर झोप येत नाहीये. फरक नसेल आणि दोन्ही आकडे चारच्या आसपास असतील, तर ती बाई पाठ टेकताक्षणी झोपतेय. दुसऱ्या पायलटमध्ये फॉर्म पहिल्यांदा त्याच सिस्टरकडे गेला. या वेळी तिने काही विचारलं नाही. पाळ्यांच्या रकान्यात सलग पाच वेळा ‘नाइट’ लिहिलं, सहाव्या दिवशी ‘ऑफ’ लिहून खोडलं, आणि वर पुन्हा ‘नाइट’ लिहिलं.